सर्टिफिकेट मिळणार नाही, पण हे वाच

सोन्या,

काल रात्री फोनवर म्हणालास, बाबा डॉक्टरकाकांकडून आठ दिवसांचं मेडिकल सर्टिफिकेट घेऊन ठेवा, हजेरी कमी म्हणून डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव आलंय. आई शेजारीच होती म्हणून गप्प बसलो. आता लिहितोय, निवांत वाच.

आधी हिशोब, कारण मला तेवढंच येतं. 40 पैकी 22 लेक्चर म्हणजे 55 टक्के. लागतात 75. इथून पुढे एकही दांडी न मारता सलग 32 लेक्चरं बसलास तर 72 पैकी 54 होतील, तेव्हा कुठं बरोबर 75. सेमिस्टरमध्ये तेवढी उरलीत का ते तूच बघ.

तुझं म्हणणं कळतं रे मला. सर पीपीटी वाचून दाखवतात आणि तोच टॉपिक एनपीटेलवर आयआयटीचे प्रोफेसर फुकट शिकवतात, तोही रूमवर चहा पीत दीड स्पीडने बघता येतो. खोटं नाहीये ते. मी पण काही शहाणा नव्हतो, साताऱ्याला कमवा शिकात सकाळी काम करून यायचो आणि शेवटच्या बाकावर डुलक्या काढायचो. पण एकदा अकाउंटच्या तासाला घसारा चालू होता आणि पुढच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं, सर खिशातून रुपया गेलाच नाही तर तो खर्च कसा? सगळे हसले. सर नाही हसले. त्यांनी पायातली चप्पल काढली आणि टेबलावर उलटी ठेवली, टाच झिजून पार कागदासारखी झालेली. म्हणाले, पैसे घेतली तेव्हा गेले, आज काहीच गेलं नाही, मग ही टाच गेली कुठं? वर्षात जेवढी झिजली तेवढा त्या वर्षाचा खर्च. आजही पतसंस्थेत 31 मार्चला इन्कम टॅक्सच्या रेटनं फर्निचरला 10 टक्के, कॉम्प्युटरला 40 टक्के घसारा धरताना मला ती चप्पल दिसते. पुस्तकात नव्हती ती. आणि त्या पोरानं तोंड उघडलं नसतं तर सरांनीही काढली नसती.

समोर 60 पोरं मान खाली घालून मोबाइल बघत असतील तर तुझ्या सरांना तरी काय हुरूप येणार, वाचतात बिचारे पीपीटी. एकदा दुसऱ्या बाकावर बसून बघ, फोन बॅगेत टाक, आणि ती लाप्लासची गणितं कशासाठी करतात तेच कळत नाही असं मला दोनदा बोललास ना, तेच त्यांना विचार. सगळ्यांसमोर लाज वाटत असेल तर तास सुटल्यावर केबिनमध्ये जा.

सर्टिफिकेट आणणार नाही, डॉक्टरांना रोज तोंड दाखवायचंय मला. कॉलेजात जे खरं आहे ते सांग, काय होईल ते बघू. आईनं चिवडा केलाय, एसटीनं पाठवतो. सोमवारी पावणेनऊला पहिलं लेक्चर आहे, टाइमटेबलचा फोटो तूच पाठवलेलास.

बाबा