मॉझरची ॲक्शन मिळवून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

माझ्या रायफलची नळी बसली. गनस्मिथने माझ्यासमोर हेडस्पेस, म्हणजे मिटलेल्या बोल्टपुढे काडतुसाला उरणारी मोजकी जागा, तपासला. बोल्ट म्हणजे काडतूस मागून बंद करणारा खिट्टा. मापाच्या 'गो' गेजवर बोल्ट अलगद मिटला, किंचित लांब 'नो-गो'वर अडला, म्हणजे जागा बरोबर. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र. पेन्सिल्व्हेनियातल्या आपल्या मंडळींपैकी कोणी रायफल बांधून घेणार असेल, तर तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते त्यालाही कळावं.

मला हरणाच्या शिकारीसाठी 7×57 ची (7 मिमी गोळी, 57 मिमी लांब काडतूस-नळकांडं) रायफल हवी होती, आणि तीही जुन्या मॉझर 98 या जर्मन रायफलच्या ॲक्शनवर, म्हणजे बोल्ट आणि तो ज्यात सरकतो त्या रिसीव्हरवर. नळी नवी मिळते, अक्रोडाचा दस्ता नवा करून घेता येतो. रिसीव्हर आणि बोल्ट मात्र जुनेच घ्यायचे, आणि गोळी सुटताना मागे येणारा सगळा दाब झेलायचा तो त्यांनीच. तोही आपल्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. आयुष्यभर टूलरूममध्ये थाऊ (इंचाचा हजारावा भाग) मोजत आलेला माणूस सोबत असणं म्हणजे काय, हे मला या शोधात कळलं.

पहिली ॲक्शन दिसायला देखणी होती, आरशासारखं पॉलिश. तुम्ही ती खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरपी धरलीत आणि रिसीव्हरच्या पुढच्या रिंगवरचा एक वेगळ्या रंगाचा ठिपका दाखवलात. दुर्बिणीच्या स्क्रूचं भोक चुकलेलं, ते वेल्डने बुजवलेलं. मॉझरच्या रिसीव्हरचं पोलाद आतून मऊ, वरचा थर तेवढा कडक केलेला. त्याला तिथे वेल्डची आच लागली की पुढे भरवसा कशाचा धरायचा?

दुसरी 1903 ची स्प्रिंगफील्ड, मॉझरच्याच घराण्यातली, किंमतही बेताची. तुम्ही आधी नंबर वाचलात. स्प्रिंगफील्ड कारखान्याचे 8,00,000 च्या आतले रिसीव्हर ठिसूळ निघाले होते, काही फुटलेही. त्या काळी कारागीर तापलेल्या पोलादाचा रंग बघून नजरेनेच अंदाज घ्यायचे आणि कित्येक नग जास्त तापायचे. विकणारा म्हणाला, "शंभर वर्षं टिकलीय की." तुम्ही एवढंच म्हणालात, "टिकली असेल. आम्ही नाही घेणार." आणि ती जपून टेबलावर ठेवलीत.

मग ओहायोत ती व्हीझेड 24 सापडली, मॉझर 98 च्याच धर्तीच्या चेकोस्लोव्हाक लष्करी रायफलची ॲक्शन, ब्रनोच्या कारखान्यातली. बोल्टच्या पुढच्या दोन्ही लगना (रिसीव्हरमध्ये अडकणाऱ्या दातांना) तुम्ही ब्ल्यू, म्हणजे खूण उमटवणारा निळा रंग, लावलात, बोल्ट मिटून उघडलात आणि निळा रंग दोन्हीकडे सारखा पुसला गेलाय का ते भिंगातून पाहिलंत. मग टोक वाकवलेली बारीक सळई रिसीव्हरमध्ये घालून, लग टेकतात तिथे कड उठलीय का, हे डोळे मिटून चाचपलंत. कड लागली असती तर पोलाद दबलंय असं समजून आपण रिकाम्या हाती परतलो असतो. नाही लागली. मूळची रायफल 8×57 ची, आणि 7×57 च्या काडतुसाचं बूड तेवढंच. त्यामुळे बोल्टच्या तोंडाला किंवा मॅगझिनला हात लावायची गरज नाही, हेही तुम्हीच सांगितलंत.

तिथला माणूस "गाडीत टाका आणि न्या" म्हणत होता. तुम्ही जागच्या जागी नाही म्हणालात. कायद्याच्या नजरेत रिसीव्हर हीच बंदूक, ती दुसऱ्या राज्यातून आणायची तर परवानाधारक विक्रेत्यामार्फतच. ती आपल्या गावच्या दुकानात आली, मी 4473 चा, म्हणजे बंदूक खरेदीचा सरकारी, फॉर्म भरला, माझी पार्श्वभूमी-चौकशी झाली, मग हातात मिळाली. ग्रीन कार्डावर राहणाऱ्या माणसाला तो सल्ला किती मोलाचा होता, हे मला त्या फॉर्मवर सही करताना जाणवलं.

पेट्रोलचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. वर काकूंनी वाटेसाठी धपाटे दिले.

काका, इथे यंत्रं कळणारी माणसं खूप भेटली. पण दुसऱ्याच्या रायफलसाठी, स्वतःच्या नातवाच्या हातात द्यायची असावी इतक्या काळजीने लोखंड पाहणारे तुम्ही एकटेच. मी तुमचा मनापासून ऋणी आहे.

बोल्टचा दांडा अजून सरळ आहे, दुर्बिणीखाली मावेल असा वाकवून घ्यायचाय. जुना सेफ्टीही दुर्बिणीला अडेल, म्हणून तुम्ही सुचवलेला आडवा फिरणारा मागवलाय. दस्ता आला की कळवतो. रेंजवर पहिली गोळी तुम्ही झाडायची आहे.

काकूंना नमस्कार.

आपला,
पुतण्यासारखाच