उद्यमनगरातल्या काकांना, मनापासून

आदरणीय काका,
सा. न.

आमचं वॉशिंग मशीन तुम्ही दुरुस्त केलंत, पण दुकानात मला धड आभारही मानू दिले नाहीत. ‘त्यात काय एवढं’ म्हणालात आणि पुढच्या कामाला लागलात. म्हणून हे चारचौघांसमोर लिहिते आहे.

आमच्या सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. रोजच्या चादरी, दुपटी, गाऊन. घरात असं माणूस असलं की वॉशिंग मशीन बिघडण्याचा अर्थ वेगळा असतो. आमचं मशीन जुनं, मधोमध अ‍ॅजिटेटर, म्हणजे कपडे घुसळणारा दांडा, असलेलं. गिअरबॉक्समधून तेल गळायला लागलं. आधी फरशीवर चिकट डाग, मग धुतलेल्या चादरींवर तपकिरी ठिपके.

तुमच्याआधी आलेल्यांबद्दल लिहायलाच हवं. एकाने गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरचं लाल तेल आणून ओतलं, पैसे घेतले आणि गेला. तेल पातळ, आणि तेल-पाणी अडवणारं सील तेच जुनं. सगळं फरशीवर आलं. दुसऱ्याने इंजिन ऑइल भरलं. तिसरा तर खाली वाकलाही नाही, दारातूनच म्हणाला, भंगारात घाला. कुठलं तेल घालताय आणि तेच का, एवढंच मी विचारत होते. उत्तर काय, तर ‘साहेब कधी येतील?’ आणि ‘ते तुम्हाला नाही कळायचं.’ मशीन रोज मी चालवते. त्या वाक्याचा राग माझ्या मनात अजून आहे.

आणि तुम्ही म्हणालात, “हात करा हिकडं, ताई.”

माझ्या एका बोटावर आमच्या मशीनमधून काढलेल्या तेलाचा थेंब ठेवलात, दुसऱ्यावर नव्या तेलाचा. “चोळून बघा.” पहिला दूध घातलेल्या चहासारखा गढूळ, चोळला की बोटाला बोट लागत होतं. दुसरा दाबला तरी मध्ये टिकून राहत होता. “पाणी शिरलंय आत. सील गेलंय. ते न बदलता कुठलंबी तेल घाला, हेच हुणार.” इतक्या दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं ते दोन थेंबांत कळलं. माझे हात पुसायला तुम्ही स्वच्छ फडकं शोधून दिलंत, तेही लक्षात आहे.

मग मी विचारत गेले आणि तुम्ही सांगत गेलात. ९० नंबरचं गिअर ऑइल ऐकायला केवढं जाड वाटतं, पण इंजिन ऑइलच्या मापात ते ४० ते ५० नंबरच्या आसपासच बसतं, कारण दोन्हींची मोजपट्टी वेगळी. म्हणजे नुसता नंबर बघून डबा उचलायचा नाही. ट्रकच्या डिफरन्शियलचं, म्हणजे चाकांना जोर देणाऱ्या गिअरपेटीचं, जीएल-५ दर्जाचं तेल तुमच्या फळीवरच होतं. ते तुम्ही घातलं नाहीत, कारण त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं पितळ-कांस्याच्या बुशांना, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीच्या कड्यांना, खाऊ शकतात. इंजिन ऑइल काजळी धरून ठेवायला बनवलेलं, इथे काजळी कुठली? जास्त भरलं तर सीलवर ताण येतो, म्हणून मापातच. मॉडेल नंबर लिहून घेतलात, कंपनीने सांगितलेलं तेल मागवलंत आणि ते येईपर्यंत मशीन बंद ठेवा म्हणालात. हातातलं गिऱ्हाईक थांबवून ठेवायला धैर्य लागतं, काका.

वाचणाऱ्यांसाठी एक सांगते: सगळ्याच मशीनना हे लागत नाही. पुढून दार असलेल्यांना असा गिअरबॉक्सच नसतो, आणि वरून झाकण असलेल्या कित्येक नव्या मशीनमध्ये ग्रीस भरून बंद केलेलं असतं. कुणी ‘ऑइल बदलायला हवं’ म्हणालं तर आधी कुठलं ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

समोरच्याला कळेल असं धरून बोलणं हीच मला मोठी सभ्यता वाटते. दवाखान्यात, बँकेत, तलाठ्याकडे आम्ही तेवढंच तर मागत असतो. तुम्ही ते न मागता दिलंत, मागे लेथ चालू असताना, आवाज चढवून, पण जराही न वैतागता.

चादरी आता स्वच्छ निघतात. सासूबाईंनी तुम्हाला आशीर्वाद सांगितला आहे. तुम्ही वयाने त्यांच्या बरोबरीचे असलात तरी त्यांनी तोच शब्द वापरला. आणि मजुरी तुम्ही घेतलीच नाहीत, फक्त सील आणि तेलाचे पैसे घेतलेत. मजुरी मी शनिवारी घेऊन येते, तेव्हा नाही म्हणू नका. सोबत सांगलीच्या नणंदेच्या मशीनचा मॉडेल नंबरही आणते. तिच्याही फरशीवर डाग दिसायला लागलाय, आणि तेल घालायला आलेल्या माणसाला तिने दारातच थांबवून ठेवलंय.

तुमची,
चादरीवाली ताई