उजनी 'फ्लेमिंगो कॅम्प': अकरा हजार रुपये परत मिळणेबाबत (चौथे पत्र)

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
आणि त्यांच्या वर जे कोणी बसत असतील ते

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी सव्वीस मिनिटं फोन चालला. त्यातली एकोणीस मिनिटं मी बासरी ऐकली. बुकिंग क्रमांक, पावती, फोटो हे सगळं तीनदा पाठवून झालंय, म्हणून ते पुन्हा जोडत नाही.

तुमचं पॅकेज तुम्हाला ठाऊक असणारच. तरी जाहिरातीतली तीन वाक्यं इथे उतरवतो, कारण ज्यानं ती लिहिली त्यानं ती सलग वाचलेली दिसत नाहीत. एक, 'तुडुंब भरलेल्या उजनीच्या काठावर तंबूत मुक्काम'. दोन, 'हजारो फ्लेमिंगो अगदी हाताच्या अंतरावर'. तीन, 'पाण्याबाहेर आलेल्या पळसनाथ मंदिरात बोटीने जाऊन दर्शन'. आणि हे सगळं नोव्हेंबरच्या एकाच शनिवारी.

अहो, आमच्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. इथला माणूस सकाळी पेपर उघडला की आधी उजनीची टक्केवारी बघतो, मग सोन्याचा भाव. शंभर टक्के म्हणजे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातलं ६३.६६ तळाचा मृतसाठा आणि वरचं ५३.५७ वापरायचं. वरचं संपलं की उजनी 'मायनस'मध्ये गेली म्हणतात. पळसनाथाचं देऊळ पुरतं उघडं पडतं ते पाणी असं खोल गेल्यावर, उन्हाळ्यात. आणि रोहित, म्हणजे तुमचा फ्लेमिंगो, चोच उलटी बुडवून उथळ पाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो. त्याला चिखल लागतो, दलदल लागते. पाणी उतरून काठ उघडे पडायला लागले की तो येतो. धरण शंभराच्या वर असताना तुमच्या तंबूपुढे पाणी सरळ खोल होतं. तिथे येऊन त्यानं खायचं काय?

हे मी बुकिंग करतानाच विचारलं होतं. 'धरण फुल्ल आहे, पक्षी दिसतील का?' तुमच्या माणसाचं उत्तर होतं, 'सर, आपल्या लोकेशनला गॅरंटी आहे, रोज फोटो येतात.' एक फोटो पाठवलाही. त्यात पक्ष्यांच्या मागे बर्फाचे डोंगर आहेत. करमाळा तालुक्यात बर्फाचे डोंगर! तेव्हाच फोन ठेवायला हवा होता. पण मुलीनं सात-आठ पक्ष्यांची यादी वहीत लिहून ठेवली होती, तिचा हिरमोड नको म्हणून पैसे भरले. माणशी २,७५० रुपये, चार माणसं.

सोलापुरात सात रस्ता चौकातून सहाची बस पावणेआठला निघाली. ते सोडून देतो. तुमच्या हिशेबात ते किरकोळच असणार.

बोट मात्र सोडणार नाही. अकरा माणसं आणि लाइफ जॅकेटं चार. मी चढायला नकार दिला तर तुमचा कॅम्पवाला हसून म्हणतो, 'काठाकाठानंच जायचंय हो सर, घाबरताय काय.' २१ मे २०२४ रोजी याच पाण्यात, कुगावहून कळाशीकडे जाताना वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जण बुडाले. काठावरच्या गावांत ती संध्याकाळ अजून कुणी विसरलेलं नाही. उजनीवर धंदा करणाऱ्या कंपनीला ती माहीत नसेल तर कठीण आहे, आणि माहीत असून चार जॅकेटं ठेवली असतील तर त्याला काय म्हणायचं ते पत्रात लिहिता येत नाही. बोटवाला बिचारा सरळ माणूस. मंदिराचं विचारलं तर पलीकडे पाण्यावर बोट दाखवून म्हणाला, 'तिकडं हाय की. उन्हाळ्यात या, चालत जाताल.'

जाहिरातीत 'संरक्षित पाणथळ जागा, रामसर दर्जाचा अनुभव' असंही आहे. रामसरची म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी असते. आपल्या राज्यातून त्यात पहिलं जाहीर झालं ते नाशिककडचं नांदूर मधमेश्वर, २०२० मध्ये. उजनी त्या यादीत नाही. पण ते असो. जागा संरक्षित आहे असं तुम्हीच म्हणता, तर तिथे पाण्यापासून वीस पावलांवर शेकोट्या आणि दोन मोठे स्पीकर कशाला? संध्याकाळी चित्रबलाकांचा एक थवा आणि थोडे शेकाटे समोर होते. मुलगी वहीत लिहीत होती. पहिलं गाणं वाजलं आणि सगळे उठून गेले. तिनं वही मिटली.

रात्री साडेनऊला बॅटऱ्या घेऊन दोघे आले. धरणाची संपादित जागा आहे, परवानगी दाखवा म्हणाले. तुमच्या माणसानं मोबाईलमध्ये बराच वेळ परवानगी शोधली, मग रेंज शोधली, मग म्हणाला साहेबांशी बोलतो, आणि अंधारात गेला तो गेलाच. त्या दोघांवर माझा काही राग नाही, त्यांनी बरोबर केलं. तंबू आम्ही पाहुण्यांनी उतरवले. माझी सासू अडुसष्ट वर्षांची आहे. ती खुंट्या मोजून पिशवीत भरत होती. रात्र टेंभुर्णीजवळ एका ढाब्याच्या अंगणात, बसमध्ये काढली. जेवण म्हणजे बायकोनं घरून घेतलेली कडक भाकरी आणि शेंगा चटणी. 'बार्बेक्यू डिनर'चे पैसे तुमच्याकडेच आहेत.

आता आजचा फोन. हा शब्दशः लिहितो, कारण तुमच्याकडे 'गुणवत्तेसाठी' रेकॉर्ड होतोच, ताडून बघा.

'सर, आमच्या सिस्टिममध्ये दिसतंय की ट्रिप गेस्टनं अर्धवट सोडली.'
'सोडली नाही. आम्हाला तिथून उठवलं.'
'म्हणजे साइट आपण सोडली ना, सर?'
'उठवल्यावर माणूस काय करतो?'
'तेच म्हणतोय सर. आणि बोट ॲक्टिव्हिटी गेस्टनं स्वतःहून नाकारली, असंही दिसतंय.'
'जॅकेट नव्हतं म्हणून.'
'तो कॉलम इथे नाहीये, सर.'

मग मी पक्ष्यांचं विचारलं. तर म्हणे, 'फ्लेमिंगो हे थर्ड पार्टी असतात सर, त्यांची जबाबदारी कंपनी घेत नाही.' पक्ष आणि पक्षी यात काही फरक असतो, हे मी त्याला सांगणार होतो. तेवढ्यात त्यानं विचारलं, 'सर, तुम्ही सोलापूरचेच ना?' मी हो म्हटलं. 'मग नोव्हेंबरमध्ये फ्लेमिंगो नसतात हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं.'

मी दोन मिनिटं काही बोललोच नाही. बुकिंगच्या वेळी मी नेमकं हेच विचारलं होतं आणि तुम्ही मला गॅरंटी दिली होती. आता तेच ज्ञान तुम्ही मला परत देताय, तेही माझ्याच पैशांच्या बदल्यात! शेवटी 'आणखी काही मदत करू शकतो का' असं विचारून त्यानं पाचपैकी पाच गुण द्यायला सांगितलं, आणि पुढच्या ट्रिपवर दहा टक्के सवलतीचं कूपन पाठवलं. कोणती ट्रिप? हीच. नोव्हेंबरअखेरपर्यंत वैध.

वाईट याचं वाटतं की दोन वर्षांपूर्वी तुमच्याबरोबरच भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो होतो. तिथल्या तुमच्या गाइडनं सगळ्यांच्या बॅटऱ्या बंद करायला लावल्या होत्या, मोबाईलसुद्धा. एकानं फ्लॅश मारला तर त्याला बाजूला घेऊन झापलं होतं. त्या माणसाला तुम्ही काढलंत की स्पीकर भाड्यानं द्यायच्या खात्यात बसवलंत, एवढं कळलं तर बरं.

पूर्ण ११,००० रुपये पंधरा दिवसांत खात्यात यावेत. कूपन नको, 'क्रेडिट' नको. बर्फाच्या डोंगरांची जाहिरात काढा, आणि पाण्यावर एका माणसाला एक जॅकेट असल्याशिवाय माणसं नेऊ नका. नाहीतर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद करून सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, ती तुमच्या वकिलाला वाचायला द्या. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही आणि आयोग माझ्या घरापासून लांब नाही. तारखांना मी येईन, मला सवय आहे, इथे पाण्याच्या टँकरचीही वाट बघतोच.

बोटीचं पुन्हा लिहितो: अकरा माणसं, जॅकेटं चार.

आपला ग्राहक (अजून तरी),
सोलापूर

ता. क. घाईत तुमच्या तंबूच्या नऊ खुंट्या आणि एक हातोडी आमच्या सामानात आली आहे. सासूबाईंनी मोजून ठेवली आहेत. माणूस पाठवा, घेऊन जा. येताना पैसे आणा.