मेडिकलच्या काउंटरवरचा दवाखाना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाऊस लागला की आमच्या घोडबंदर रस्त्यावरच्या मेडिकलमध्ये पॅन्ट पोटरीपर्यंत वर करून दाखवणारी गिऱ्हाइके वाढतात. "रात्री काहीतरी चावलंय, बघा ना जरा." एका बाजूला येऊरचे जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे आमचे टॉवर. डास, मुंगळे, गांधीलमाश्या, सुरवंट यांच्या वाटेत आपणच येऊन राहिलो आहोत, तेव्हा चावण्याबद्दल तक्रार नाही. चावल्यानंतर काउंटरवर जे होते, त्याबद्दल मात्र लिहिणे भाग आहे.

किडा चावला म्हणून कोणी डॉक्टरकडे नंबर लावून बसत नाही, लोक मेडिकलमध्येच जातात. त्यात गैर काही नाही. गैर हे, की तिथे एकही प्रश्न न विचारता ट्यूब पुढे सरकवली जाते. स्टेरॉइड, बुरशीवरचे औषध आणि अँटिबायोटिक असे सगळे एकाच मलमात! मी विचारले तर उत्तर मिळाले, "काकू, हे सगळ्यावर चालतं." खाज खरेच थांबते. मग तीच ट्यूब घरात राहते, जावयाच्या नायट्याला आणि नातीच्या गालावरच्या पुरळालाही लागते. स्टेरॉइडने लाली दबते, पण नायटा आतून पसरत राहतो आणि कातडी पातळ होते. याच कारणासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असे ठरवले. आमच्या भागात ती चिठ्ठी मागणारा दुकानदार अजून भेटायचा आहे. वर स्ट्रिपमधून कात्रीने चार कॅप्सूल कापून मिळतात, त्या वेगळ्याच.

बहुतेक चाव्यांना एवढे काही लागत नाही. साबणाच्या पाण्याने धुवावे, फडक्यात बर्फ गुंडाळून शेकावे, कॅलामाइन लावावे, फार तर खाजेची साधी गोळी घ्यावी आणि नखे आवरावीत. पहिल्या दिवशी-दोन दिवशी येणारी लाली आणि सूज ही बहुधा किड्याच्या लाळेवर किंवा विषावर शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते. तिच्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. जखम चिघळल्याची चिन्हे निराळी असतात: खाजेपेक्षा ठणका जास्त, हात लावला तर गरम, पू किंवा ताप, आणि दिवसागणिक पसरणारी लाली. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवावी. लाली रेघ ओलांडून गेली तर डॉक्टर गाठावा. मधुमेह्यांनी तर पायावरच्या साध्या फोडासाठीही काउंटरवर थांबू नये.

इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ पासून चिघळलेला कीटकदंश हा फार्मासिस्टने स्वतः तपासायच्या सात आजारांपैकी एक आहे. ठरवून दिलेल्या निकषांत बसत असेल तर तो डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकही देतो आणि त्याची नोंद रुग्णाच्या डॉक्टरकडे जाते. तसा अधिकार इथे द्या असे मी म्हणत नाही. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी फार्मासिस्ट भिंतीवरच्या फ्रेममध्ये असतो आणि काउंटरवर बारावी झालेला मुलगा. पण तिथले विचारायचे वळण उचलायला काय हरकत आहे? कधी चावले, काय चावले, लाली वाढते आहे का, शुगर आहे का, दिवस गेले आहेत का, ओठ-डोळे सुजलेत का, श्वास लागतो का? विचारायला दोन मिनिटे पुरतात.

शेवटचे दोन प्रश्न तर जिवाचे आहेत. उंच इमारतींच्या सज्जांखाली आग्या मोहोळ लागते आणि कोणीतरी भर दुपारी त्याला धूर देतो. मधमाशी आपला काटा कातडीत सोडून जाते, तो नखाने किंवा कार्डाच्या कडेने ताबडतोब खरवडून काढावा. गांधीलमाशी काटा सोडत नाही, ती पुन्हा पुन्हा डसू शकते. अंगभर पित्त उठले, घसा आवळला, चक्कर आली, तर खाजेची गोळी देऊन "बसा पाच मिनिटं" म्हणायची ती वेळ नव्हे. तिथे मांडीत अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन लागते, म्हणून लगेच १०८. खूप माश्या डसल्या असतील तर बरे वाटत असले तरी रुग्णालयातच जावे.

विंचवाचेही तसेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून कोकणात विंचूदंशाचे मृत्यू किती खाली आणता येतात हे दाखवून दिले, पण ते औषध वेळेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिळावे लागते. दंशानंतर दरदरून घाम आणि हातपाय गार, अशा माणसाला दुकानाने मलम विकू नये, गाडीत बसवून द्यावे. आणि येऊरला भटकून आल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप भरला, अंगावर कुठे काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना ती खपली आवर्जून दाखवावी. बारीक किड्यांच्या चाव्यातून होणाऱ्या स्क्रब टायफसची ती खूण असू शकते.

फार्मासिस्टने पांढरा कोट घालावा, त्यावर नाव आणि नोंदणी क्रमांक असावा आणि त्याने रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगावे, हे २०१५ च्या नियमांतच आहे. अन्न व औषध प्रशासनाने संध्याकाळी सात ते नऊ या गर्दीच्या वेळेत दुकानांत चक्कर मारून तेवढे पाहावे. आणि ठाणे महापालिकेने वरचे प्रश्न मोठ्या मराठी अक्षरांत एका पानावर छापून प्रत्येक काउंटरवर लावायला द्यावेत. छपाईचा खर्च जड होत असेल तर आमच्या सोसायटीतली ज्येष्ठ मंडळी वर्गणी काढायला तयार आहेत. मजकूर मात्र एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाच्या नजरेखालून जाऊ द्यावा.

आपली,
एक वाचक
मानपाडा, ठाणे (पश्चिम)