आजोबा, तुमच्या काकीच्या झाडाबद्दल थँक्यू

आजोबा, नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही आणि माझं जपानी अजून बिल देण्यापुरतंच आहे, त्यामुळे हे आधी माझ्या लोकांना वाचू दे, तुम्हाला रविवारी फोनवरून भाषांतर करून ऐकवते, तुम्ही नेहमीसारखं "हाई हाई" (हो हो) करत हसालच.

पहिलं म्हणजे ते काकीचं फळ मी चोरलं होतं, आज कबूल करते. जपानात, मिनोकामोला येऊन जेमतेम दीड महिना झालेला, नवरा सकाळी सातला फॅक्टरीत जायचा तो रात्रीच यायचा, दिवाळी तोंडावर आणि घरात मी एकटी. आदल्याच आठवड्यात सुपरमार्केटमधून काकी (इंग्रजीत पर्सिमन म्हणतात ते फळ) आणली होती, त्यातली चपटी, टोमॅटोसारखी दिसणारी गोड जात, फुयू, पेरूसारखी कचाकचा चावून खायची, गोड आणि मध्येच दालचिनीसारखा वास. आईला फोनवर सांगितलं की आज मी काकी खाल्ली, तर ती म्हणाली, "कोणाची गं?" आमच्याकडे काकी म्हणजे चुलत्याची बायको, तेव्हापासून घरात हा जोक काही संपत नाहीये.

तर तुमच्या कुंपणाबाहेर आलेली फांदी बघितली, लालभडक फळं, जरा लांबट आणि टोकदार होती पण म्हटलं काकीच आहे ना. तोडलं आणि तिथेच घास घेतला. बाप रे!! जीभ म्हणजे घोंगडीचा तुकडा झाली, थुंकी गिळता येईना, ओठ आतल्या आत ओढले गेले आणि मान वर करते तर तुम्ही दारात उभे. मला वाटलं आता पोलीस. तुम्ही मात्र "शिबुइ, शिबुइ" म्हणत इतके हसलात की भिंतीला धरून उभं राहावं लागलं.

शिबुइ म्हणजे तुरट हा शब्द मी आता जन्मात विसरणार नाही. आणि खरं सांगू, ती चव मला नवी नव्हती. आमच्या गोंदियाकडे जंगलात टेंभरं मिळतात, ज्या झाडाच्या पानांच्या बिड्या वळतात त्या तेंदूचं फळ. पिकलेलं गोड लागतं, कच्चं खाल्लं की असंच तोंड बंद. नंतर शोधलं तर तेंदू आणि काकी एकाच कुळातले निघाले, दोघांचंही शास्त्रीय नाव डायोस्पायरॉसनेच सुरू होतं. म्हणजे एवढं विमानात बसून येऊन मी नात्यातल्याच झाडाखाली चोरी केली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही टोपलीभर हाचिया, म्हणजे तीच तुरट काकी, घेऊन दारात आलात, सोबत सुतळी आणि एक छोटी सुरी. हे वाण तुमच्या इथलंच, मिनोकामोतल्या हाचिया भागावरूनच त्याचं नाव पडलं हे तुम्ही कितीदा सांगितलंत. (फुयूही आपल्या गिफू प्रांतातलीच, हेही तुम्ही सोडलं नाहीत.) देठाला इंग्रजी टी अक्षरासारखी काडी ठेवायची म्हणजे सुतळी सरकत नाही, साल काढायची, उकळत्या पाण्यात पाच-दहा सेकंद बुडवून काढायचं म्हणजे बुरशी धरत नाही आणि मग वाऱ्याला टांगायचं, पण एकमेकांना चिकटता कामा नये. मी अर्थात चिकटवूनच टांगली, त्यात दोन दिवस पाऊस, चोविसातली सहा हिरवी पडली. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसत्या माळा सोडून परत अंतर ठेवून बांधल्यात.

आठवड्याने वरचं कातडं सुकल्यावर हलक्या हाताने चोळायला शिकवलंत, आम्ही चोखायचा आंबा घोळतो ना तसंच, ते मला एका मिनिटात जमलं आणि तुम्ही पहिल्यांदा "जोझु" (छान जमतंय) म्हणालात. माझ्या बाल्कनीत एका बाजूला आकाशकंदील आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या केशरी माळा, हा फोटो अख्ख्या गावात फिरलाय.

महिन्याभराने वर पांढरी पावडर आली तेव्हा मी रडकुंडीला येऊन सगळं कचऱ्यात टाकायला निघाले होते, तुम्ही हातातली पिशवी अक्षरशः ओढून घेतलीत. ती फळातलीच साखर बाहेर आलेली असते हे मला काय माहीत! आणि काय चव, खजूर आणि गुळाच्या मधलं काहीतरी, आतून मऊ, चिवट. तुरट काकीत साखर खरंतर गोड काकीपेक्षा जास्त असते, फक्त तुरटपणापुढे जिभेला कळत नाही, आणि वाळवल्यावरही तो तुरटपणा जात नाही, आतच राहतो, पण थुंकीत विरघळत नाही म्हणून लागत नाही. हे तुम्ही फोनवर बोलून बोलून भाषांतर करून समजावलंत, त्यात फोनने टॅनिनचं (तुरटपणा आणणाऱ्या द्रव्याचं) काहीतरी भलतंच केलं आणि आपण दोघं अर्धा तास हसत बसलो.

हो, आणि जानेवारीत हॉटेलात "काकी फुराई" वाचून मी आनंदाने मागवली, काकीची भजी असतील म्हणून, तर आले शिंपल्यातले कालव. त्यांनाही काकीच म्हणतात हे मात्र तुम्ही सांगितलं नव्हतंत आजोबा, त्याबद्दल थँक्यू नाही.

आता फुयूची दही आणि दाण्याचं कूट घालून कोशिंबीर होते घरात, वाळलेल्या काकीचे तुकडे शिऱ्यात जातात. तुम्हाला शिरा आवडला, चकलीने मात्र डोळ्यांत पाणी आलं होतं, यंदा तिखट निम्मं घातलंय.

रविवारी दहाला काकी उतरवायला येतो. शिडीवर नवरा चढेल, तुम्ही हात लावायचा नाही, काकीची फांदी कशी मोडते हे तुम्हीच सांगितलंय. शेंड्याची दोन-तीन पाखरांसाठी सोडायची हे त्याला सांगून ठेवलंय. सुतळी मी आणतेय.

तुमची शेजारीण (चोर)