लॉहेड यांच्या कादंबऱ्यांतील भेसळ नेमकी कशाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील अद्भुतरम्य कादंबऱ्यांवरचा लेख आवडीने वाचला. मात्र त्यात स्टीफन लॉहेड यांना, केल्टिक (म्हणजे वेल्स-आयर्लंडकडच्या जुन्या) दंतकथांत ख्रिस्ती धर्माची भेसळ करणारे लेखक म्हणून एका वाक्यात निकालात काढले आहे, ते पटले नाही. लॉहेड मूळचे अमेरिकेतील नेब्रास्काचे. या दंतकथांच्या अभ्यासासाठी ते १९८६ मध्ये सहकुटुंब इंग्लंडला गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या ‘पेंड्रॅगन’ मालिकेतील ‘टालिएसिन’ ही पहिली कादंबरी आली. त्यांच्यावर टीका करायला जागा पुष्कळ आहे, पण लेखात ती भलत्याच ठिकाणी केली आहे.

भेसळ म्हणायची तर आधी शुद्ध माल कोणाकडे तरी असायला हवा. ड्रुइड, म्हणजे केल्ट लोकांचे पुरोहित, आपली विद्या लिहून ठेवणे गैर मानत, असे खुद्द सीझरने नोंदवले आहे. तेव्हा वेल्श दंतकथा आपल्यापर्यंत पोचल्या त्या ख्रिस्ती लेखनिकांच्या हातूनच. दंतकथांतल्या आर्थर राजाच्या बारा लढायांची यादी देणाऱ्या, नवव्या शतकातील ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’ या लॅटिन ग्रंथात आठव्या लढाईच्या वेळी आर्थर खांद्यांवर कुमारी मरियेची प्रतिमा वाहतो. तेराव्या शतकातील, वेल्समधल्या कारमार्थनच्या हस्तलिखितात द्रष्टा मर्लिन आणि कवी टालिएसिन यांचा संवाद आहे आणि देवाच्या स्तुतीची कवनेही आहेत, आणि अभ्यासकांच्या मते ही सारी पोथी एकाच माणसाने, बहुधा तिथल्या मठातल्या एखाद्या साधूने, उतरवलेली आहे. त्या साधूला ज्यात विसंगती दिसली नाही, ती आपण लॉहेड यांच्या माथी का मारावी? (आपल्याकडे फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये गोव्यात छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त ओवी घेतली, पुराणाचा घाट घेतला, स्वर्गाला वैकुंठ म्हटले, त्याला मराठी वाचक भेसळ म्हणत नाही.)

खरी भेसळ वेगळीच आहे आणि लेखात तिचा उल्लेखही नाही. ‘टालिएसिन’ची नायिका कॅरिस ही बुडालेल्या अटलांटिसची राजकन्या असून ती बैलांच्या रिंगणात उड्या घेणारी नर्तकी आहे. अटलांटिस आले प्लेटोच्या संवादांतून आणि बैलावरून झेप घेणारे खेळाडू क्रीटमधल्या क्नोसोसच्या भित्तिचित्रांतून. वेल्सच्या मातीशी दोन्हींचा संबंध नाही. उलट एल्फिनचा प्रसंग पाहा. माशांच्या बांधात साल्मन मिळतील म्हणून तो जातो आणि त्याच्या हाती लागते कातडी पिशवीतले एक मूल, तेच पुढे कवी झालेला टालिएसिन. हा प्रसंग जुन्या वेल्श कथेतलाच आहे आणि लॉहेड तिथे फारशी ढवळाढवळ करत नाहीत, म्हणूनच कादंबरीतली ती पाने सर्वांत जिवंत उतरली आहेत. बाराव्या शतकात मॉनमथच्या जेफ्रीने मर्लिनचा बाप पिशाच्चयोनीतला दाखवला होता. लॉहेड यांनी त्याच्या जागी कवी टालिएसिनला आणले. हा बदल धर्मश्रद्धेपोटी झाला असेलही, पण त्यामुळे मर्लिनच्या वाणीला वारसा मिळाला. मला खटकतो तो त्यांचा शहाणा ड्रुइड. नवा देव येणार हे त्याला जणू आधीच ठाऊक असते, जुने सोडताना त्याचा जीव फारसा तुटत नाही, आणि मग वाचकाचाही तुटत नाही.

नेमकी हीच उणीव त्यांनी १९९६ च्या ‘बायझँटियम’मध्ये भरून काढली. आयर्लंडमधील केल्सच्या मठातला एडन हा तरुण लेखनिक, मठाचा अलंकृत ग्रंथ सम्राटाला अर्पण करण्यासाठी कॉन्स्टँटिनोपलला निघालेल्या साधूंमध्ये आहे, आणि त्या नगरीत आपल्याला मरण येणार असे त्याने स्वप्नात पाहिले आहे. वाटेत तो डेन (डेन्मार्ककडच्या) लुटारूंच्या हाती सापडतो, गुलाम होतो, आणि पुढे जे पाहतो व भोगतो त्यातून त्याचा देवावरचा विश्वास पार उडतो. अशा ग्रंथांची लुटारूंच्या लेखी काय किंमत होती, हे इतिहासातही नोंदलेले आहे: केल्सचा प्रसिद्ध ग्रंथ १००७ मध्ये चोरीला गेला आणि दोनेक महिन्यांनी मातीच्या ढेकळाखाली सापडला, तेव्हा त्यावरचे सोने तेवढे काढून घेतलेले होते. कादंबरीच्या शेवटी देवाने आपल्याला टाकले म्हणून कडवटलेल्या या साधूला उत्तर मिळते ते कोणा मठाधिपतीकडून नव्हे, तर त्याला गुलाम म्हणून राबवणाऱ्या गुन्नार या डेनकडून. आमचे देव माणसाबरोबर कधी दुःख भोगत नाहीत, तुझ्या देवाने भोगले, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. प्रचारकी लेखकाने हे वाक्य साधूच्या तोंडी घातले असते आणि गुन्नारला ऐकायला बसवले असते.

जाता जाता एक दुरुस्ती. लॉहेड यांची रॉबिन हूडवरील कादंबरीत्रयी (२००६ ते २००९) लेखात शेरवुडच्या जंगलात घडवली आहे. वास्तविक त्यांनी रॉबिनला तिथून उचलून इंग्लंडचा नॉर्मन राजा विल्यम रूफस याच्या काळातील वेल्सच्या सीमेवर, नॉर्मन सरदारांनी बळकावलेल्या एल्फाएल या छोट्या राज्यात नेले आहे, आणि त्याचे नावही ब्रान ठेवले आहे. पुरवणीच्या पुढच्या अंकात ही दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक