झोका लावायच्या आधी शेजारी जाऊन या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागातल्या रो-हाऊसच्या कॉलन्यांमधे हल्ली बऱ्याच अंगणांत लोखंडी झोका दिसतो, प्लास्टिकची घसरगुंडी दिसते, आणि आता ते जाळी लावलेलं गोल ट्रॅम्पोलिनपण यायला लागलंय, पोरं त्याला नुसतं जंपिंग म्हणतात. मला याचा आनंदच आहे हे आधी सांगते. पण खेळणं आलं की महिन्याभरात दोन घरांमधे बोलणं बंद, असंही बघायला मिळतंय, आणि त्यात पोरांची काहीच चूक नसते, चूक असते ती मोठ्या माणसांनी आधी न बोलण्याची, म्हणून हे पत्र लिहितेय.

आनंद का ते सांगते. हुतात्मा बागेत न्यायचं म्हणलं तर आमच्यासारख्या लांब राहणाऱ्यांना जड वाहतुकीच्या रस्त्यावरनं टू-व्हीलरवर दोन पोरं घेऊन जायचं, संध्याकाळच्या गर्दीत जीव मुठीत धरून. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतले पाळणे वर्षातनं एकदा, जानेवारीत. मग बाकी दिवस पोरांनी काय करायचं, मोबाईलच बघायचा ना. मुलांना खेळायचा हक्क आहे असं संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातल्या 31 व्या कलमात लिहिलंय आणि भारताने तो करार 1992 ला मान्य केलाय. हक्क कागदावर आहे, जागा मात्र आपल्या अंगणातच काढावी लागते. त्यामुळं कुणी पदरचे पैसे घालून खेळणं आणलं तर त्याला आधी शाबासकी द्यायला पाहिजे.

पण आणायच्या आधी एकदा शेजारच्या घरी जाऊन या. चहाला जा, आणि म्हणा की काकू, आम्ही इथं झोका लावायचा म्हणतोय, तुमची बेडरूम कुठल्या बाजूला येते, तुम्हाला त्रास होईल का. दहा मिनिटांचं काम आहे. आपल्याकडं लोक बोअर मारताना शेजाऱ्याला सांगतात, स्लॅबच्या आदल्या दिवशी सांगतात की उद्या मिक्सरचा आवाज येईल हां, मग वर्षानुवर्षं राहणाऱ्या झोक्याचं का सांगत नाहीत हे मला खरंच कळत नाही.

कारण जागेचा प्रश्न मोठा आहे. अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाची घरच्या खेळण्यांसाठी एक पुस्तिका आहे, त्यात झोक्याचा आडवा दांडा जितका उंच त्याच्या दुप्पट जागा पुढं आणि तितकीच मागं मोकळी सोडायला सांगितलीय. म्हणजे दांडा 7 फुटांवर असेल तर पुढं 14 आणि मागं 14 फूट. आपल्या रो-हाऊसच्या पुढच्या अंगणात एवढी जागा कुठली निघायला, निम्मी तर गाडी लावण्यात जाते. मग झोका आडवा लावतात, पोरगं जोरात झुललं की पाय कंपाउंडच्या पलीकडं, शेजारणीच्या तुळशीवर नाहीतर वाळत घातलेल्या कपड्यांवर. जागा नसेल तर मोठा झोका लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, लहान पोरांसाठी बुटका झोका मिळतो, त्याचा दांडा खाली असल्यामुळं त्याला जागापण कमी लागते.

दुसरी गोष्ट मी स्वतः जवळनं बघितलीय. एका घरी कॉमन भिंतीतच फास्टनर मारून झोक्याचे हुक बसवले होते. इकडं पोरगं झुलायचं आणि पलीकडच्या घरात भिंतीला लावलेल्या कॉटवर झोपलेल्या आजोबांना प्रत्येक झोक्याला धप्प, धप्प असा दणका बसायचा, वर कडी घासल्याची करकर वेगळीच. आजोबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, बिचारे बोलायचे नाहीत, नुसते कूस बदलायचे. शेवटी त्यांच्या सूनबाईंनी त्या घरच्या बाईंना हाताला धरून आत आणलं आणि म्हणाल्या, ताई, जरा पाच मिनिटं कॉटवर बसून बघा, पोराला तिकडं झुलू द्या. त्या बसल्या आणि त्याच आठवड्यात फॅब्रिकेटरला बोलवून भिंतीपासनं सुटा स्टँड करून घेतला, पायांखाली रबर टाकलं, कडीच्या जागी बेअरिंग. आवाज गेला. कुणी कुणाला एक शब्द वाकडा बोललं नाही. मला तर वाटतं त्या सूनबाईंनी जे केलं ते प्रत्येक कॉलनीत व्हायला पाहिजे, कारण आपल्या खेळण्याचा आवाज आपल्या अंगणात एक असतो आणि भिंतीपलीकडं वेगळाच असतो, तिथं जाऊन ऐकल्याशिवाय समजत नाही.

उंच घसरगुंडीचं अजून एक आहे, वरच्या फळीवर पोरगं उभं राहिलं की पलीकडच्या मोरीची खिडकी नाहीतर मागचं अंगण सरळ दिसतं. पोरं मुद्दाम बघत नाहीत हो, पण बाईमाणसाला अवघडल्यासारखं होतंच. इंग्लंडमधे अंगणातला चौथरा 30 सेंटीमीटरपेक्षा उंच करायचा तर परवानगी लागते, त्याला एक मोठं कारण हेच, शेजाऱ्याची खाजगी जागा. आपल्याकडं परवानगीचं सोडा, घसरगुंडीचं तोंड फिरवून ठेवलं तरी काम होतं.

आता वेळेचं. एप्रिल-मे मधे आपला पारा 42-43 ला टेकतो हे सोलापूरकरांना सांगायची गरज नाही. उन्हात तापलेल्या लोखंडी घसरगुंडीवर चड्डीतलं पोरगं बसलं तर मांडीला भाजतं, आणि नुसतं लोखंडच नाही, प्लास्टिक आणि रबरी मॅटसुद्धा पोळण्याइतकं तापतं. दोन-तीन वर्षांचं लेकरू तर भाजल्यावर पटकन उठत पण नाही, तिथंच बसून रडतं, म्हणून त्यांना जास्त इजा होते. हात लावून बघा, आपल्याला तळहात ठेववत नसेल तर पोरालाही बसवू नका. म्हणजे अकरा ते पाच खेळणं बंद हे उन्हामुळंच ठरतं. आणि नेमकं त्याच वेळात शेजारपाजारची माणसं झोपलेली असतात, यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला माणूस, हॉस्पिटलातली नाईट ड्युटी करून आलेली सिस्टर, बाळंतीण, म्हातारी माणसं. पोराच्या तब्येतीला जे चांगलं तेच शेजाऱ्याच्या झोपेला चांगलं, तर मग भांडायचं कशाला. साडेपाच ते आठ मनसोक्त खेळू द्या. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असताना शेजारी विचारून अर्धा तास इकडं तिकडं करा. आणि ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी तर गल्लीतल्या सगळ्या बायका मोटर, पाइप, बॅरलच्या मागं असतात, पोरांवर लक्ष द्यायला कुणीच नसतं, त्या तासाभरात खेळणं बंदच ठेवलेलं बरं.

हे झालं खेळणंवाल्यांना. आता तक्रारवाल्यांनाही सांगते. संध्याकाळी सहा-सात वाजता पोरांचा दंगा म्हणजे आवाजाचं प्रदूषण नाही. आपल्याकडं 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, म्हणजे संध्याकाळचे सहा-सात त्या नियमातही दिवसातच येतात. जर्मनीत शिस्तीचे लोक, तिथंसुद्धा 2011 मधे कायद्यात दुरुस्ती करून ठरवलं की पाळणाघर आणि खेळाच्या मैदानावरनं येणारा पोरांचा आवाज हा एरवी त्रासदायक प्रदूषण धरायचा नाही. हां, खेळताना ब्लूटूथ स्पीकर लावला असेल तर तो बंद करायला सांगा, तो पोरांचा आवाज नाही. आणि सांगायचं असेल तर गेटवर येऊन पोरांच्या आईबापाला सांगा. पोरांवर ओरडू नका, बॉल जप्त करू नका, आणि मेहरबानी करून कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकून "काही लोकांना सिव्हिक सेन्स नाही" असं लिहू नका. जे तोंडावर दोन मिनिटांत मिटतं ते ग्रुपवर गेलं की दिवाळीपर्यंत मिटत नाही.

सगळ्यात नाजूक विषय म्हणजे दुसऱ्यांची पोरं. गेटमधनं झोका दिसला की गल्लीतली पोरं येणारच. आपल्याकडं पंचमीला झाडाला दोर टाकून झोका बांधायचे तेव्हा झाड एकाचं असायचं पण झोका सगळ्या गल्लीचा असायचा, माहेरवाशिणी, लेकरं, सगळ्यांचा नंबर लागायचा, तीच पद्धत आपल्या अंगवळणी आहे आणि ती चांगली आहे. पण आता घरं बंद गेटची झालीत, घरात बहुतेक वेळा एकटीच बाई असते, तर पाठवणाऱ्यांनीही थोडं बघायला पाहिजे. पोराला सांगा की बेल वाजवून विचारायचं, घरी कुणी नसेल तर गेट उघडून आत जायचं नाही. पाणी बाटली बरोबर द्या. लेकरू पाच वर्षांच्या आतलं असेल तर आपण स्वतः बरोबर जाऊन बसा, ती बाई काही तुमची पाळणाघरवाली नाही, तिला पण स्वयंपाक असतो. आणि तिने "आता बस, उद्या या" म्हणलं की पोराने निघायचं, त्यावर घरी येऊन आपण तोंड वाकडं करायचं नाही.

आणि एक गोष्ट मला मनापासून खुपते ती लिहूनच टाकते. धुणंभांड्याला येणाऱ्या मावशी सुट्टीत लेकराला बरोबर घेऊन येतात, घरी ठेवायला कुणी नसतं. ते लेकरू गेटच्या गजाला धरून उभं असतं, आत पाच पोरं झुलतात, आणि याला कुणी ये म्हणत नाही. एका ठिकाणी तर आतल्या पोरानेच आईला विचारलं की मम्मी ह्याला घेऊ का, आणि मम्मी म्हणाली नको. पोराला कळत होतं हो. ज्या वयात पोरं हा भेद करत नाहीत त्या वयात आपण तो शिकवतो, अंगणात, सगळ्यांच्या समोर. तुम्हाला बाहेरची पोरं नकोच असतील तर झोका मागच्या बाजूला लावा, तो तुमचा प्रश्न आहे. पण पुढं लावलाय आणि गल्लीतल्या पोरांना घेताय तर मग त्यातल्या एकालाच उभं ठेवू नका.

जंपिंगबद्दल मात्र मी कडक आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची जी संघटना आहे ती घरगुती ट्रॅम्पोलिन वापरूच नका म्हणते, आणि त्यांचं म्हणणं असं की साधारण तीन चतुर्थांश दुखापती एकाच वेळी अनेक जण उड्या मारत असताना होतात, आणि त्यात सगळ्यात लहान पोराला जास्त लागतं कारण मोठं पोरगं खाली आलं की छोटं वर फेकलं जातं. जाळी आहे म्हणून बिनधास्त राहू नका, आतल्या आत पण हात मोडतो. म्हणून एका वेळी एकच पोरगं, सहा वर्षांच्या खालचं नाही, आणि मोठं माणूस समोर उभं. ही शिस्त यजमानीणबाईंनी लावली तर "आमच्या पोराला चढू दिलं नाही" असं म्हणू नका, ती तुमच्याच पोराचं हाड वाचवतेय. तरी लागलंच कुणाला तर आधी त्याच्या आईला फोन करा, नीट काय झालं ते सांगा, काही लपवू नका, आणि दवाखान्यात बरोबर जा. खर्चाचं यजमानांनी विचारावं आणि पोराच्या घरच्यांनी शक्यतो नको म्हणावं, असं मला वाटतं, शेजारधर्म म्हणून.

वळवाच्या पावसाआधी जे वारं सुटतं ते आपल्याकडं पत्रे उडवतं, तिथं हलकं ट्रॅम्पोलिन काय चीज आहे. त्याच्या जाळीत वारा शिडासारखा भरतो आणि ते अख्खं उचलून शेजारच्या गाडीवर जाऊ शकतं. खुंट्या मारून बांधा, फरशी असेल तर चारी पायांवर वाळूची पोती टाका. पाऊस पडून गेल्यावर टायरच्या झोक्यात, घसरगुंडीच्या तळाशी, ताडपत्रीच्या खोलगट भागात साठलेलं पाणी त्याच दिवशी ओता. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच होतो, अंड्यापासनं डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि तो चावताना कंपाउंड बघत नाही. टायरला खालनं दोन-तीन भोकं पाडून घेतली तर पाणी थांबतच नाही, पंक्चरवाला पाडून देतो.

महापालिकेलाही विनंती आहे की बागांमधल्या लोखंडी घसरगुंड्यांवर निदान ग्रीन नेट तरी बांधा, आणि तुटलेल्या झोक्याच्या साखळ्या सुट्टीच्या आधी बदला, सुट्टी संपल्यावर नाही. बाग धड असली तर अंगणावरचा निम्मा ताण कमी होईल.

शेवटचं, पोरं मोठी झाली की ही खेळणी अंगणात गंजत पडतात नाहीतर भंगारवाला नेतो. तसं करू नका, जवळच्या अंगणवाडीत सेविकाताईंना विचारा, त्यांना हवं असतं. पण देण्याआधी वेल्डिंगचे सांधे हाताने हलवून बघा, पत्र्याची धार निघाली असेल तर घासून घ्या, आणि साखळी झिजली असेल तर नवी टाकूनच द्या.

आपली,
एक वाचक, जुळे सोलापूर